बरं-मग मॅडम

फळ्यावर शेवटची ओळ लिहून झाली की मॅडम खडू टेबलावर ठेवायच्या, हातांवरची पूड झटकायच्या, वर्गाकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "सिद्ध झालं. बरं, मग?"

पोरं गोंधळायची. आपलं काहीतरी लिहायचं राहिलं असं वाटून वहीत डोकं घालायची. एखादा धीट मुलगा म्हणायचा, "मॅडम, उदाहरण संपलं की." मॅडम हसून मान डोलवायच्या. "संपलं. बरं, मग?"

आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या तर्कशास्त्र शिकवायच्या. कला शाखेतला हा विषय मार्क पडतात एवढ्याच कीर्तीवर जगतो. दरवर्षी पहिल्या तासाला त्यांचं एकच उदाहरण ठरलेलं असे. सर्व सोलापुरी चादरी सुती असतात. ही सोलापुरी चादर आहे. म्हणून ही चादर सुती आहे. मग खाली 'म्हणून' या अर्थाचे ते तीन ठिपके, आणि मग तो प्रश्न. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, सकाळी आईबरोबर विड्या वळून मग कॉलेजला येणारी, अर्धवट जांभई देत बोलून गेली, "मग पांघरायची की, मॅडम."

वर्ग खो-खो हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या फळ्यापासून थेट मागच्या बाकापर्यंत गेल्या आणि त्या मुलीशी हात मिळवून आल्या. मुलगी घाबरून उभीच राहिली. तो सगळा दिवस मॅडम स्टाफरूममध्ये येईल त्याला हा किस्सा सांगत होत्या. शिपायालासुद्धा त्यांनी दोनदा सांगितला. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'बरं-मग मॅडम'. ते त्यांना ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे की आवडतही होतं.

मी गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली होती, त्यामुळे डबे, पेन आणि भांडणं सगळं सामाईक. त्या मला नावाने किंवा सर म्हणून कधी हाक मारत नसत. "काय गणित, चहा सांगू का?" असं म्हणत. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. टाचा दुखतात म्हणून डॉक्टरांनी बूट घालायला सांगितले होते. हा अवतार पाहून नवीन आलेली मुलं त्यांना खेळाच्या बाई समजायची.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, की जे साध्या बोलण्यात मध्येच पाय घालतं आणि आपण अडखळून पडलो की टाळ्या पिटतं. मॅडम त्यातल्या. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. एकदा पाणी आलं त्या दिवशी मी धावतपळत, ओल्या पँटनेच कॉलेजात पोचलो. घरातली सगळी भांडी भरली असं मोठ्या समाधानाने सांगितलं. मॅडमनी विचारलं, "घागर भरली?"

"भरली की."

"मग तिच्यातलं रिकामेपण कुठं गेलं?"

मी म्हणालो, घागरीत हवा होती, पाण्याने तिची जागा घेतली, हवा बाहेर गेली. सहावीच्या पुस्तकात आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाल्या. "बरं, मग?" माझा घंटेपर्यंतचा वेळ नुसत्या चडफडण्यात गेला.

हे वेड त्यांना कॉलेजात शिकत असताना लागलं होतं. ग्रंथालयात त्यांना एक कव्हर फाटलेलं पुस्तक मिळालं. त्यात होतं की जपानातले बौद्ध गुरू शिष्यांना तर्काने सुटणार नाहीत असे प्रश्न घालत, आणि शिष्य तो एकच प्रश्न घेऊन महिनोन्महिने बसत, उठत, झाडू मारत, भात शिजवत. "आधी डोकं उत्तर देतं," मॅडम सांगायच्या, "ते उत्तर गुरू परत पाठवत. पुन्हा डोकंच उत्तर देतं, पुन्हा परत. शेवटी डोकं दमतं. तेव्हा कुठं माणूस उत्तर देतो."

मॅडमचं घर बौद्ध. दर रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून त्या वस्तीतल्या विहारात वंदनेला जात. तिथल्या जुन्या मंडळींना त्यांची ही जपानी कोडी फारशी पसंत नव्हती. एक आजोबा त्यांना म्हणाले होते, "पोरी, आपला धम्म बुद्धीला पटणारा. इतक्या कष्टानं आपण बुद्धी हातात धरली, आन तू ती सोडाय सांगतीस व्हय?" मॅडम ही गोष्ट मला सांगताना एकदम गंभीर झाल्या होत्या. "त्यांचं खरं आहे ओ, गणित. माझ्या आईला कुणी कारण विचारायची मुभा दिली नव्हती. म्हणून तर मी तर्कशास्त्र शिकवते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तर्क म्हणजे आपली सिटी बस. लई कामाची. पण ती घरात येत नाही. स्टॉपवर उतरून पुढं चालावं लागतं." आमच्या सिटी बसचा भरवसा माहीत असल्यामुळे मी म्हणालो, ती स्टॉपवर तरी येते का ते बघा. त्यावर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला, तोही माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर.

इथवर हे सगळं गमतीचं होतं. त्या विचारत, मी चिडत असे. पण माझ्या वडिलांचं दुखणं सुरू झालं आणि मॅडमचे प्रश्न आमच्या घरात शिरले.

आम्ही शहराच्या पूर्व भागातले विणकर. घरी तेलुगू बोलतो, वडिलांना नायना म्हणतो. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आणि वर राहायची खोली, अशी आमच्या गल्लीतली सगळी घरं. लूम चालू असले की वरच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. मी त्याच आवाजात जन्मलो, त्यातच पाढे पाठ केले. वीज गेली आणि लूम थांबले की गल्लीतली तान्ही पोरं दचकून जागी व्हायची आणि रडायला लागायची. वीज आली, खटाक्-खट सुरू झालं, की पुन्हा गप्प झोपायची. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं.

लूम जुने झाले होते, धंदा उरला नव्हता, नायनांचं वय झालं होतं. विकायचं ठरलं. चालू स्थितीत कुणी घेईना, तेव्हा भंगारात घातले. नायना स्वतः उभे राहून ट्रकमध्ये चढवत होते, दोऱ्या आवळून बांधत होते. मला वाटलं, सुटले बिचारे.

त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग त्यांचं जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसायचे. खाली कारखान्यात पाऊल टाकायला तयार नसत. अंगावरचा सदरा ढगळ दिसू लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते दिवसभर पेंगायचे, पण डोळा लागत नसे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच चाललं तर अवघड आहे." वडील माझ्या डोळ्यांसमोर झिजत होते आणि मला काही करता येत नव्हतं.

आणि ते दिवसातून कितीदा तरी एकच विचारत, "अरे, तो आवाज कुठं गेला?"

मी समजावून सांगायचो. लूम विकले, नायना. लूम नाहीत म्हणून आवाज नाही. ते मान हलवायचे, थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी मी एक पक्का तोडगा काढला. आवाज गेला म्हणून झोप गेली, तर आवाज आणला की झोप येईल. ह्यात चूक काय होती, तुम्हीच सांगा. शेजारच्या गल्लीत एकाचा कारखाना चालू होता. तिथं उभं राहून मी मोबाइलवर भरपूर रेकॉर्डिंग केलं आणि जेवणं झाल्यावर नायनांच्या उशाशी लावलं. त्यांनी डोळे मिटले. बायकोने मला खूण केली, जमलं! तेवढ्यात नायना ताडकन उठून बसले.

"कुणाचा कारखाना हा? ह्याचा एक लूम लंगडतोय. धोटा उडून कुणाच्या तरी डोळ्यात जाईल! जॉबरला बोलाव आधी!"

धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. मी त्यांना कसंबसं आडवं केलं, पण त्या परक्या लूमच्या काळजीने ते आणखी जागे राहिले. दुसऱ्या दिवशी मला जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा मिस्त्री, घेऊन त्या कारखान्यात जावं लागलं. तेव्हा कुठे नायनांनी चार घास खाल्ले.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये सांगितलं ते रडकुंडीला येऊनच. लंगड्या लूमच्या गोष्टीला बाकी सगळे हसले. मॅडमनी हातातला डबा खाली ठेवला.

"काय विचारतात म्हणालात?"

"तो आवाज कुठं गेला."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"भंगारवाल्याकडं गेला म्हणून सांगतो. दुसरं काय सांगणार?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो गणित! मी जन्मभर पुस्तकातनं असले प्रश्न उसने आणते. तुमच्या घरात एक माणूस तो प्रश्न अंगावर घेऊन बसलाय, आणि तुम्ही त्याला भंगारवाल्याचा पत्ता देताय?"

मला राग आला. माझे वडील मरायला टेकलेत आणि ह्यांना कोडी सुचतायत. मी तसं म्हणालोही. त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्या मागे हटल्या नाहीत. "रविवारी येऊ का? वंदना झाली की येते. नाही म्हणू नका."

रविवारी त्या आल्या. पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट, हातात केळी. नायना खिडकीशी बसले होते. "बाई" म्हणून त्यांनी हात जोडले. मॅडमनी तब्येत विचारली नाही, झोप विचारली नाही. म्हणाल्या, "बाबा, मला तुमचा कारखाना दाखवता का?"

"काय न्हाय हो बाई तितं आता. मोकळं हाय."

"मोकळंच दाखवा की."

पाहुण्याबाईला नाही कसं म्हणणार? माझ्या खांद्याला धरून नायना जिना उतरले. मीही ट्रक गेल्यानंतर पहिल्यांदाच आत पाय ठेवत होतो. फरशीवर तेलाचे काळे डाग, लूमचे पाय रोवलेल्या जागी खड्डे आणि कोपऱ्यात सुताचा कचरा. आमच्या बोलण्याचा आवाज घुमत होता.

"कुठं होता आवाज?" मॅडमनी विचारलं.

नायनांनी बोट दाखवलं. "हितं. ह्यो पहिला लूम. तितं दुसरा."

"लूम तिथं होता, बाबा. आवाज कुठं होता?"

मी तोंड उघडलं. ध्वनी म्हणजे कंपन, हवेतून कानाकडे वगैरे सांगणार होतो. मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती नजर मी वर्गाच्या दारातून अनेकदा पाहिली होती. मी तोंड मिटलं.

नायना भिंतीकडे बघत होते, मग जमिनीकडे. मग त्यांनी चपला काढल्या आणि पहिल्या दोन खड्ड्यांच्या मधल्या जागी, जिथं ते आयुष्यभर उभे राहिले होते, तिथं अनवाणी जाऊन उभे राहिले. डोळे मिटले. मला दिसलं, त्यांची उजवी टाच हलतेय. आधी नुसतीच हलत होती. मग तिचा फरशीवर आवाज यायला लागला. खटाक्-खट. खटाक्-खट.

मॅडम खाली वाकल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले आणि समोर उभ्या राहून त्यांनीही टाच आपटायला सुरुवात केली. टाचा दुखणाऱ्या बाई त्या! त्यांना ताल जमत नव्हता. नायनांनी डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाले, "न्हाय न्हाय बाई, असं. दुसरा ठोका हलका." आणि ते हसले. माझा बाप हसला. मी दाराला टेकून उभा होतो.

त्या दुपारी नायना वर आलेच नाहीत. तिथंच फरशीवर आडवे झाले आणि चांगले घोरायला लागले. बायको दर थोड्या वेळाने जिन्यातून वाकून बघून येत होती. संध्याकाळी उठल्यावर त्यांनी भाकरी आणि शेंगाचटणी मागून घेतली.

मी मॅडमना दुसऱ्या दिवशी विचारलं की हे नेमकं झालं कसं. "मला तरी कुठं माहीत?" त्या म्हणाल्या. "मी प्रश्न विचारला. उत्तर त्यांनी दिलं." मग माझा चेहरा बघून त्यांनी भर घातली, "आणि तुम्ही तोंड मिटलंत. ते पण लई झालं."

पुढे त्या दर रविवारी येऊ लागल्या. नायना आंघोळ करून वाटच बघत बसायचे. "आज काय सवाल आणलाय, बाई?" खाली दोन खुर्च्या टाकायच्या आणि ही जोडी बसायची. कधी तासभर नुसतीच गप्प बसायची. कधी नायना तेलुगूत काहीतरी सांगत सुटायचे. मॅडमना तेलुगूचा गंध नव्हता. मी मराठीत सांगायला गेलो की हात वर करायच्या. "नको, गणित. कळलं."

एकदा मॅडमनी विचारलं, "बाबा, धोटा डावीकडनं उजवीकडं जातो, उजवीकडनं परत डावीकडं येतो. जन्मभर धावतो. मग पोचतो कुठं?"

नायनांनी डोकं खाजवलं नाही की विचारात पडले नाहीत. उलट त्यांनाच विचारलं, "काल रात्री थंडी होती. तुमी काय पांघरलं व्हतं, बाई?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. उठून त्यांनी नायनांचे पाय धरले. नायना लाजून खुर्चीत मागे मागे सरकायला लागले.

मग मॅडमचे रविवार चुकायला लागले. आधी त्या टाचांचं कारण सांगायच्या, नंतर कारण सांगेनाशा झाल्या. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा पलंगावर त्या आणखीच ठेंगण्या दिसत होत्या. डॉक्टर काय म्हणतात, असं मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "सर्व माणसं मर्त्य आहेत. मी माणूस आहे. सिद्ध झालं." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या कशाची वाट बघत होत्या ते मला कळत होतं.

"म्हणा की, गणित."

मला म्हणता आलं नाही. दोनच तर शब्द होते. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "अजून अभ्यास पाहिजे," म्हणाल्या आणि हसल्या. तेवढ्यात नर्स आली आणि तिलाच त्यांनी विचारलं, "सलाईन संपलं, बाई. मग बाटलीतलं पाणी आता मी झालं का?" नर्स म्हणाली, "बोलू नका, झोपा." मॅडमना हे उत्तर फार आवडलं.

आता तर्कशास्त्राचे तास तात्पुरते माझ्याकडे आले आहेत. चादरीचं उदाहरण मी घेतो. विड्या वळणारी ती मुलगी शिकून आता एका शाळेत शिकवते. मॅडम गेल्यावर विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला, तिथं ती भेटली. म्हणाली, "सर, मी पण पोरांना बरं-मग विचारते. पोरं लई चिडतात." मला ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण मला सांगायचा आहे तो मॅडम गेल्या त्यानंतरचा पहिला रविवार.

नायनांना अजून काही सांगितलं नव्हतं. मला भीती वाटत होती. एक आवाज गेला तर ह्या माणसाची झोप गेली होती. आता हे कळलं तर काय होईल? बायको म्हणाली, गावाला गेल्या म्हणून सांगा. पण नायना आंघोळ करून, खाली दोन खुर्च्या टाकून बसले होते. मी खाली गेलो. रिकाम्या खुर्चीत बसवेना, म्हणून उभाच राहिलो आणि सांगितलं, "नायना, बाई गेल्या."

त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुठं गेल्या?"

माझ्याकडे उत्तरं होती. दवाखाना, आजाराचं नाव, अंत्यविधी कुठे झाला, कोण कोण आलं होतं. सगळी बरोबर उत्तरं होती आणि मी एकही दिलं नाही. मी चपला काढल्या. नायनांच्या जागेसमोर, जिथं मॅडम त्या दिवशी उभ्या राहिल्या होत्या तिथं उभा राहिलो. टाच उचलली आणि आपटली. मला रडू फुटलं होतं, त्यामुळे ताल चुकत होता.

नायना खुर्चीतून उठले. सावकाश येऊन आपल्या जागी उभे राहिले. "दुसरा ठोका हलका," म्हणाले, आणि त्यांची टाच सुरू झाली. आम्ही दोघं बाप-लेक त्या मोकळ्या कारखान्यात किती वेळ टाचा आपटत होतो कोण जाणे. मग ते थांबले, डोळे पुसले, आणि तिथंच फरशीवर कुशीवर झाले. मी श्वास रोखून बघत होतो. हळूहळू त्यांचा श्वास लांब झाला. मग घोरणं सुरू झालं.

मी वर जाऊन फडताळातून चादर काढली. आमच्याच लूमवरची, शेवटच्या दिवसांत विणलेली. सोलापुरी चादर. सुती. खाली येऊन ती हातात घेऊन मी त्यांच्याजवळ उभा राहिलो.

"बरं, मग?" मी म्हणालो. आणि ती त्यांच्या अंगावर घातली.